दुसऱ्याच्या देवाची शपथ

अमावास्येची पहाट होती. शेवरेगडाच्या पश्चिम तटाखाली समुद्र इतका मागे सरला होता की एरवी पाण्याखाली राहणारा काळा खडप पार खाडीच्या मुखापर्यंत उघडा पडला होता आणि त्यावरून माणूस पाय न भिजवता गडाच्या पायथ्याशी येऊ शकला असता. असे महिन्यातून दोनदा, अमावास्येला आणि पौर्णिमेला होई. त्या दिवशी पहाटे एकदा आणि दिवेलागणीला एकदा. मधल्या वेळी दर्याच गडाची राखण करी.

वेढ्याला चार महिने अकरा दिवस झाले होते. गडावर कोंबडा आरवत नव्हता, कारण कोंबडा उरला नव्हता. तीनशे माणसे दिवसाला मूठभर नाचणीवर होती. पहिल्या महिन्यात कोणी मेले की बायका आक्रोश करीत. दुसऱ्या महिन्यात नुसत्या डोळे पुसत. आता कोणी गेले की शेजारी येऊन, 'गेला का?' असे विचारीत आणि आपल्या वाटचे पाणी आणायला टाक्याकडे जात.

खाली रायाजी देशमुखाची छावणी होती. पातशाही मोडकळीस आल्यावर ज्याला जे हाती लागेल ते त्याने घ्यावे असे दिवस आले होते, आणि देशमुखाने तीन किल्ले घेतले होते. तिसऱ्यावर, तळकोटावर, त्याने अभयाचा कौल देऊन दरवाजा उघडवला आणि दुसऱ्या दिवशी दीडशे माणसे कड्यावरून लोटली. त्यामुळे शेवरेगडावर शरण जाण्याची भाषा कोणी काढीत नसे. दक्षिणेकडून धान्याची आणि माणसांची गलबते निघाली आहेत, अशी खबर होती. ती येईपर्यंत तग धरायचा, एवढेच काम उरले होते.

त्या पहाटे धाकू कोळी नावाचा म्हातारा पहारेकरी देवीच्या देवळाचे अंगण झाडत असता त्याला एक बाण सापडला. बाण दुसरीकडे कुठेतरी सोडला असावा. वाऱ्याने तो इकडे आणला होता. बाणाला चिठ्ठी होती. धाकूला अक्षर येत नव्हते. त्याने तो तसाच नेऊन किल्लेदार नागोजीराव सुर्व्यांपुढे ठेवला.

चिठ्ठीत लिहिले होते : 'आज दिवेलागणीच्या ओहोटीस दर्यादिंडी उघडावी. बोलल्याप्रमाणे गडाची किल्लेदारी तुमचीच.' नाव कोणाचेच नव्हते.

नागोजीरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा तटावर गोळी लागून पडला होता, आणि तेव्हापासून त्यांना सगळे काही जाड कांबळ्यातून ऐकू यावे तसे ऐकू येई. ते एवढेच म्हणाले, "चारी नाईकांना सदरेवर बोलवा."

गडाच्या चार जागा चार माणसांकडे होत्या. उत्तर बुरुज भानजी दळव्याकडे; हा किल्लेदारांच्याच गावचा, नात्यातला. समुद्राकडचा तट कासम सारंगाकडे. त्याचा जन्म गलबतावर गेला होता. तोफा इनास गोलंदाजाकडे. तो रेवदंड्याकडचा फिरंगी, तीन पिढ्यांत पुरता मराठी झालेला, गळ्यात लाकडी क्रूस घालणारा. आणि दर्यादिंडी, म्हणजे समुद्राकडचा लहान दरवाजा, त्याची किल्ली एलोजी तेल्याकडे होती. एलोजी शनवार तेल्यांपैकी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मूर्ती न मानणारे, कोण जाणे कुठल्या काळी गलबत फुटून या किनाऱ्याला लागलेले हे लोक. गडावर त्यांचे एकच घर होते, एलोजीचे आणि त्याची बायको रबकाबाईचे.

चिठ्ठी सर्वांसमोर वाचली गेली. दिंडी उघडायची, आणि किल्ली एलोजीकडे. सदरेवर सगळ्यांच्या नजरा आधी त्याच्याकडेच गेल्या. तो मुळातच कमी बोलणारा.

नागोजीराव म्हणाले, "किल्लेदारीचे वचन नाईकालाच मिळते. चौघांपैकी एक जण फितूर आहे. तो कोण, हे आम्हांस ठाऊक नाही. क्रिया करावी लागेल, शपथ घ्यावी लागेल."

"घेतो की, सरकार," भानजी म्हणाला. "बेलभंडार आणा. आत्ता उचलतो."

"आपापल्या देवाची नव्हे." नागोजीरावांनी हात वर केला. "आपल्या देवाची शपथ माणूस मोडतो, आणि मग त्याच देवापुढे नाक घासून मोकळा होतो. घरचा देव घरच्यासारखा सांभाळून घेतो. आज ज्याने त्याने दुसऱ्याच्या देवाची शपथ घ्यावी. तिथे वशिला चालणार नाही."

असे त्या मुलखात पूर्वी कधी झाले नव्हते. देवळातून ताटात बेलाची पाने आणि भंडारा आला. मशिदीतून हिरव्या रुमालात बांधलेले कुराण आले. इनासने गळ्यातला क्रूस काढून पाटावर ठेवला. मग किल्लेदारांनी एलोजीला विचारले, "तुमचे काय ठेवायचे?"

"ठेवण्यासारखं काही नाही, सरकार. पोथी होती, ती म्हणे समुद्रात गेली. एक ओळ आहे तोंडपाठ. डोळ्यांवर हात ठेवून म्हणायची."

"तीच चालेल. भानजी, तुम्ही कुराण. कासम, तुम्ही बेलभंडार. इनास, तुम्ही तेल्याची ओळ. एलोजी, तुम्ही क्रूस."

भानजी पुढे झाला. तो बंदुकीला दारू भरता भरता उठून आला होता. त्याने रुमालावर हात ठेवला, "गडाशी बेइमानी करीन तर याची आण," असे खणखणीत म्हटले आणि मागे सरला. डोळ्याचे पाते लवायला लागतो तेवढाच वेळ लागला.

कासम ताटाजवळ गेला आणि थांबला. त्याने कमरेची सुरी काढून खाली ठेवली, जोडे काढले, मग म्हणाला, "सरकार, हात धुवायला पाणी मिळेल काय?"

"कासमभाई, प्यायला नाही आणि धुवायला कुठलं?" भानजी हसला.

"ओंजळभर. माझ्या वाटचं कापा."

पाणी आले. हात धुऊनही तो घोटाळलाच. "पानं उचलायची की नुसता हात ठेवायचा? डावा लागला तर चालतो काय? मला रीत माहीत नाही, सरकार. उगा चुकायचो." देवळाच्या गुरवाने सांगितले तेव्हा त्याने शपथ घेतली, पण त्याआधी पुन्हा एकदा हात पुसले, आणि ते सर्वांना दिसले.

इनासचे तर त्याहून लांबले. "अर्थ काय या ओळीचा? अर्थ कळल्याशिवाय मी तोंडातून काढणार नाही."

"अर्थ मलाही पुरता येत नाही," एलोजी म्हणाला. "आजा म्हणायचा, बाप म्हणायचा. देव एक आहे, असं काही आहे. 'ऐक' अशी सुरुवात आहे, एवढं नक्की."

इनासने डोळ्यांवर हात ठेवले. तीनदा अडखळला. चौथ्या वेळी ओळ पुरी झाली तेव्हा त्याने हात लगेच खाली घेतले नाहीत, आणि हे कशाने झाले ते त्याचे त्यालाही कळले नाही.

एलोजीने मात्र क्रूसाला हात लावला नाही. तो पाटासमोर बसला, पाहत राहिला आणि पुन्हा उठला. "सरकार, आम्हांला आकाराची पूजा नाही. हात लावला तर माझा नेम मोडतो. आणि मनात अढी ठेवून लावला तर त्याच्या देवाचा अपमान होतो. त्यावर तो माणूस टांगलेला आहे. दुसरी कोणतीही शपथ सांगा. मानेवर तलवार ठेवून सांगा."

नागोजीरावांनी चिठ्ठीची घडी केली. मग म्हणाले, "ज्याच्या मनात पाप नाही त्याला वेळ लागत नाही. एलोजी, किल्ली खाली ठेवा."

एलोजीने कमरेची किल्ली सोडून पाटावर ठेवली.

"भानजी, आजपासून दर्यादिंडी तुमच्याकडे. दहा माणसे घ्या. या तिघांना तेलाच्या कोठीत बसवा. उद्या पाहू."

वास्तविक भानजीने दुपारी एलोजीचा गळा कापून किल्ली घ्यायचे योजले होते. ते कष्ट किल्लेदारांनी वाचवले.

तेलाची कोठी दिंडीच्या वरच्या अंगाला होती. तिथून खडकात कोरलेल्या चाळीस पायऱ्या, वर छप्पर आणि दोन्ही बाजूंना भिंत अशा बोळातून खाली समुद्राच्या दारापर्यंत जात. कोठीत करंजाच्या कडू, दिव्यापुरत्या तेलाचे सात रांजण होते. तिघे त्यांना टेकून बसले. बाहेर धाकू कोळ्याचा पहारा होता.

दुपार झाली. भूक आणि अपमान यांतले नेमके काय दुखते आहे हे कळू नये, इतके ते थकले होते. मग कासम म्हणाला, "तेल्या, तुझी ओळ 'ऐक' म्हणते. आमच्याकडं पहिला हुकूम, 'म्हण'."

"आमचा पाद्री सांगतो, सगळ्याच्या आधी शब्द होता," इनास म्हणाला.

"म्हणजे एकानं बोलायचं, एकानं म्हणायचं, एकानं ऐकायचं. गलबतावर खलाश्यांना कामं वाटून देतात तसं झालं." कासम स्वतःशीच हसला. "आणि सगळ्यांना वाटतं, आपलंच गलबत."

दाराबाहेरून धाकूचा आवाज आला. "आमच्याकडं भगत घुमतो आन् आमी भितो. आमचं काम तेवढंच."

"तेही लागतंच की रे, धाकू. सुकाणूवर बसणारा भित्राच हवा. धीट माणूस गलबत खडकावर घालतो."

उन्हाचा एक कवडसा भिंतीवर चढत होता. कासम एकदम म्हणाला, "त्यानं हात धुतले नाहीत."

"कोणी?"

"भानजीनं. रुमालावर दारूच्या काजळीची दोन बोटं उमटली. मी पाहिली. म्हटलं, घाईत असेल."

"त्याचं नव्हतं ते," इनास म्हणाला. "तो कशाला भिईल?"

"क्रूस तेल्याचा होता काय? हा का भ्याला?"

दोघांनी एलोजीकडे पाहिले. एलोजीने रांजणावरचा हात काढला नाही. "कुणाचं तरी होतं ना ते," तो म्हणाला.

इनास उठून दाराशी गेला. "धाकू, किल्लेदारांना जाऊन सांग. फितूर भानजी आहे. शपथ घेताना जो घोटाळला नाही तोच. ज्याला दुसऱ्याच्या देवाचं काही वाटत नाही, त्याला आपल्याचंही वाटत नसतं."

धाकू गेला आणि परत आला. "सरकार म्हनाले, चोर सुटकेसाठी सावावर आळ घेतो. आन् मोठ्या दरवाज्यावर देशमुखाचे नगारे वाजाया लागलेत. समदे तिकडं गेलेत."

कवडसा विझला. खाली पाणी मागे सरताना खडकांतून जो आवाज येतो, तो सुरू झाला. कासमने तो ऐकला आणि बोटांवर मोजले. "अर्ध्या घटकेत खडप उघडा पडेल."

अर्धी घटका सरली, आणि मग एलोजीला खालून कडीचा आवाज आला. त्या कड्या तो दर शुक्रवारी तेल घालून ठेवी. इतर कोणाला तो आवाज आला नसता.

"उघडली," तो म्हणाला.

कोठीचे दार बाहेरून बंद होते. पण ते ज्या दगडी खळग्यात फिरे तोही एलोजीच्याच तेलाचा, आणि दार कुठे उचलले की सुटते हे त्याला ठाऊक होते. त्याने खांदा खाली घातला.

"थांब," कासम म्हणाला. "हुकूम मोडून बाहेर पडलो तर आपणच फितूर ठरतो. भानजी म्हणेल, यांनीच उघडली. कोण विश्वास ठेवील?"

"ठरू फितूर," एलोजी म्हणाला. "धर ते टोक."

दार निघाले. धाकूने भाला आडवा धरला, तिघांच्या तोंडाकडे पाहिले आणि भाला कासमच्या हाती दिला. "म्या सरकारांकडं जातो," म्हणाला आणि म्हातारा पळत सुटला.

भानजीने आपल्या दहांपैकी सात माणसे बुरुजावर धाडली होती. उरलेली तीन त्याच्या मसलतीतली होती. देशमुखाचे लोक खडपावरून आत घुसले होते आणि दोघे-दोघे करून पायऱ्या चढत होते. इनासने आणि एलोजीने पहिला रांजण बोळाच्या तोंडाशी लोटून फोडला. मग दुसरा, मग तिसरा. चार महिने दिव्यांना थेंब थेंब करून पुरवलेले तेल शेवाळलेल्या पायऱ्यांवरून खाली गेले. पुढचे दोघे पडले, त्यांनी मागच्या चौघांना पाडले. जो उठे तो हात टेकी, आणि हातही घसरे. कोणी ओरडत होते, कोणी शिव्या देत होते. वर पोचलेल्या एकाला कासमने भाल्याने मागे लोटले.

"वाळू आणा! वाळू टाका!" खालून भानजीचा आवाज आला.

"वाळू टाकली की संपलं," इनास म्हणाला. "ओहोटी अजून दोन घटका आहे."

एलोजीने मुंडासे काढून ठेवले. "दार लावायला हवं."

"या तेलातून? मान मोडेल."

"माझा जन्म तेलात गेला, इनास. टाच टेकायची नाही, एवढंच असतं."

तो भिंतीच्या कडेने खाली उतरला. घाण्याभोवती तीस वर्षे अनवाणी फिरलेले पाय, बोटांवर आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार देत, पडलेल्या माणसांच्या मधून, घाई न करता उतरत गेले. कोणी त्याचा पाय धरला, तर पकड निसटली. त्याच्या हाती काही नव्हते. खाली पोचला तेव्हा दारातून ढालीत वाळू भरून एक जण आत येत होता. एलोजीने दार त्याच्या अंगावर लोटले, पाठ लावली आणि अडसर ओढला. भानजीने त्याच्या कुशीत कट्यार घातली, दोनदा. एलोजी अडसर सोडून हलला नाही. बाहेरून दारावर धडका बसत होत्या. त्या हळूहळू थांबल्या, कारण पाणी चढू लागले.

नागोजीराव वीस माणसांनिशी आले तेव्हा बोळात एकोणीस माणसे अडकलेली होती आणि त्यांतल्या कोणालाही धड उभे राहता येत नव्हते. भानजीलाही नाही. त्याला दोर टाकून वर ओढावे लागले. एलोजी दाराला टेकून बसलेला होता. तो कधी गेला ते कोणी पाहिले नव्हते.

भानजीला सदरेवर आणले. नागोजीराव म्हणाले, "शपथ घेतली होती तुम्ही."

"ते पुस्तक माझं नव्हतं, सरकार."

"आणि बेलभंडार ठेवला असता तर?"

भानजीने तेलकट हात अंगरख्याला पुसले. मग म्हणाला, "तोही उचलला असता."

दुसऱ्या दिवशी त्याचा कडेलोट झाला. पाहायला कोणी गेले नाही.

एलोजीसाठी कासमने आणि इनासने खड्डा खणला. डोके कोणत्या दिशेला करायचे यावर दोघांचा वाद झाला, तेव्हा रबकाबाईने हाताने दिशा दाखवली. माती लोटून झाल्यावर तिघेचौघे उभे राहिले. कोणाला रडू आले नाही. धाकू म्हणाला, "चला, पान्याची येळ झाली," आणि सगळे टाक्याकडे गेले.

दिंडी मग कोणाच्या ताब्यात द्यायची, हा प्रश्न आला. कासमने किल्ली घेतली नाही, इनासनेही नाही. नागोजीरावांनी कोणाला आग्रह केला नाही आणि शपथही घातली नाही. ते स्वतः खालच्या पायरीवर जाऊन बसू लागले. तेल धुऊन निघाले नव्हते. उतरताना ते दोनदा पडले.

तेराव्या दिवशी गलबते आली. देशमुखाने वेढा उठवला. भात शिजल्याचा वास सुटला तेव्हा मात्र बायका मोठ्याने रडल्या, जी ती आपापल्या मेलेल्याचे नाव घेऊन.

त्या दिवशी नागोजीराव तेल्याच्या घरी गेले. रबकाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. ती उठली, तिने पदर डोक्यावर घेतला आणि पाट मांडला. ते बसले नाहीत.

"बाई, मी चुकलो," ते म्हणाले. "तुमच्या माणसाने गड राखला. इनाम मागा, जमीन मागा."

तिने हातातले चार तांदूळ सुपात टाकले. मग तिने विचारले, "किल्ली तुम्ही सकाळीच काढून घेतली होती ना?"

"घेतली होती."

"दार दळव्यांच्या ताब्यात होतं?"

"होय."

"आणि आमचा माणूस फितूर ठरला होता. सगळ्या सदरेसमोर."

"होय."

"मग ते खाली कशाला गेले?"

बाहेर मुले भाताची भांडी वाजवीत होती. नागोजीरावांना मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच सगळे आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागले होते, आणि ते त्यांना सोसवत नव्हते.

"मला ठाऊक नाही, बाई," ते म्हणाले.

रबकाबाई खाली बसली आणि सूप हाती घेतले. "मला वाटलं," ती म्हणाली, "तुम्हांला तरी ठाऊक असेल."